घरातला नियंत्रण गट

१० जून

ताईस,

धाकटा सुखरूप पोचल्याचे बाबांकडून कळले. मला कळवले असतेस तरी चालले असते, पण तुझ्या फोनमध्ये माझा नंबर असेलच असे नाही. फोनवर तुझ्याशी बोलू लागलो की माझा आवाज चढतो आणि सांगायचे ते राहून जाते, म्हणून लिहितो आहे. कागदावर खोडता येते. हा कागद तिसरा आहे.

धाकट्याविषयी थोडे लिहून ठेवतो. एरवी तुला कुठून माहीत असणार? रागावले की तो हसतो. तो उर्मटपणा नव्हे, त्याला दुसरे काही सुचत नाही. "भूक नाही" म्हणाला तर समजावे की बाहेर कोणीतरी त्याला जाडीवरून बंब्या म्हटले आहे. तेव्हा आग्रह करू नये, ताट झाकून ठेवावे आणि खोलीतून निघून जावे. जिना चढताना त्याला बोलायला लावू नये. तुझे घर तिसऱ्या मजल्यावर आहे असे बाबा म्हणाले. वर पोचल्यावर तो बुटाची नाडी बांधल्यासारखे करील. नाडी सुटलेली नसते, तो दम खात असतो. त्याला तसे करू द्यावे.

आता मानेविषयी. तू इतक्या वर्षांनी घरी आलीस, हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हतीस. त्याला वळवलेस, कॉलर खाली ओढलीस आणि म्हणालीस, "हा मळ नाहीये. याचं रक्त तपासायला हवं." शेजारच्या मावशी दारातच उभ्या होत्या. दोन वर्षे मी ती काळी मान घासत होतो. आधी साबणाने, मग खरखरीत फडक्याने. तो ओरडायचा नाही, नळ धरून उभा राहायचा. तुला एका नजरेत कळले. तुझेच बरोबर निघाले. साखर काठावर, रक्तात चरबी, इन्सुलिन हवे त्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि हे सगळे चौदाव्या वर्षी. तुझे बरोबर निघाल्याचा मला राग नाही. मावशींसमोर निघाल्याचा आहे. हे वाक्य खोडणार होतो, पण राहू दे.

तुमच्या हॉस्पिटलात जाड मुलांवर चार महिने संशोधन चालणार, रोज सुकामेवा खाल्ल्याने त्यांच्या रक्तात आणि पोटाच्या घेरात काही फरक पडतो का ते बघणार. त्यात त्याला घेतले म्हणून तो तुझ्याकडे आहे. शाळेनेही तेवढ्यापुरतीच सूट दिली आहे. चार महिने, मग घरी. निघताना मी तुला तसे विचारले तर तू म्हणालीस, "बघू." हा शब्द मला आवडला नाही. आई अंथरुणाला खिळली होती आणि मी तुला कधी येतेस म्हणून विचारले होते, तेव्हाही तू हाच शब्द वापरला होतास.

मधला


२४ जून

ताईस,

पत्र मिळाले. तू "आहारतज्ञ" लिहिले आहेस. तज्ज्ञ लिहितात, त्यात आणखी एक ज असतो. हॉस्पिटलात काम करणाऱ्याने तरी चुकू नये.

धाकट्याला नियंत्रण गटात घातले आणि त्याला सुकामेवा मिळणार नाही, असे तू एका ओळीत लिहून पुढे हवापाण्यावर गेलीस. मी ते पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचले. कामावर माझ्यासमोर सरकत्या पट्ट्यावर अक्रोड निवडणाऱ्या काकी आहेत, त्यांनाही वाचून दाखवले.

काकी म्हणाल्या, "नियंत्रण म्हणजे ताबा. ज्यांना तोंडावर ताबा नाही अशी पोरं वेगळी काढली असतील."

"आणि सुकामेवा कोणाला?"

"ताबा असलेल्यांना. तुझ्या भावासमोर काजूची बरणी ठेवली तर बरणीच उरायची." मग माझे तोंड बघून म्हणाल्या, "अरे, गंमत केली. तू लगेच सोललेल्या बदामासारखा पांढरा पडू नकोस."

मला ती गंमत वाटली नाही. आपल्या मुलाला ताबा नाही हे कोणी ठरवले? त्यांनी तुला विचारले असणार आणि तू मान डोलावली असणार. त्याला तिथे एक मित्र मिळाला आहे, तो त्याला चष्मेवाला म्हणतो. चष्मेवाल्याला रोजचे पाकीट मिळते. चष्मेवाल्याचे वजन धाकट्यापेक्षा जास्त आहे, हे मला धाकट्यानेच फोनवर सांगितले. मग त्याला ताबा आहे आणि आपल्याला नाही, हे कोणत्या वजनकाट्यावर कळले?

आणि ती पाकिटे कुठे भरतात ते तुला ठाऊक आहे का? आमच्या शेडमध्ये. अक्रोड, बदाम, पिस्ते, बिनमिठाचे, न तळलेले, मूठभर, वर तुमच्या हॉस्पिटलचे लेबल. मागच्या आठवड्यापासून ते काम माझ्या टेबलावर आहे. अक्रोडाचा अखंड गर तेवढाच आत घालायचा, तुकडा बाजूला काढायचा. पाकीट बंद करून मी उजेडासमोर धरतो आणि एखादी काळपट फोड दिसली तर फोडून पुन्हा भरतो. मुकादम म्हणतात, "जावयाला पाठवतोयस का रे?" इतक्या निगुतीने मी चष्मेवाल्याचे पोट भरतो आहे.

सोबत मोज्यांचे पार्सल आहे. तुझ्याकडच्या बाजारातले मोजे त्याच्या पोटऱ्यांना काचत असणार. पार्सल त्यालाच उघडू दे, त्याला ते आवडते.

मधला


२४ जून, मोज्यात घालायची चिठ्ठी

धाकट्या,

प्रत्येक जोडीतल्या एका मोज्यात पुडी आहे. तो अक्रोडाचा तुकडा आहे. दर शनिवारी आम्हाला मूठमूठ तुकडा घरी न्यायला देतात, त्यातला माझा वाटा, चोरीचा नाही. रोज थोडा खा. चष्मेवाल्याला मिळते ते तुलाही मिळाले पाहिजे. ताईला सांगू नकोस, आहारवाल्या बाईंनाही नको. तुटला असला तरी गर तोच असतो. तू कोणापेक्षा कमी नाहीस.

दादा


१५ जुलै

ताईस,

तुझे लांबलचक पत्र मिळाले. समजले. ताबा असण्या-नसण्याशी त्या नावाचा काही संबंध नाही. कोणत्या गटात कोण हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे नुसत्या नशिबाने ठरते. जेवणाचा सल्ला, व्यायाम, तपासण्या सगळ्यांना सारख्याच. फक्त अर्ध्यांना वर सुकामेवा. न मिळालेल्यांशी ताडून पाहिल्याशिवाय मिळालेल्यांना कशाने फरक पडला ते सांगता येत नाही. सुकामेव्याचा गुण येतोच असे ठाऊक असते तर एवढा खटाटोप केला नसता, हेही समजले. काकींना समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे न खाण्याचंसुद्धा काम असतं होय. मला मिळेल का बघ."

तुझे समजावणे चांगले असते. शाळेतही तू मला भागाकार असाच समजावला होतास.

पण दोन दिवसांनी पट्ट्यावर उभा असताना माझ्या लक्षात आले की हे समजावायला तुला चार पाने नको होती. आपल्या घरात हा प्रयोग होऊन गेला आहे. एकाच आईबापाची दोन मुले. एकच शाळा, एकाच कंदिलाएवढ्या दिव्याखाली अभ्यास, दोघांचेही अक्षर चांगले. एकीला पुढे शिकायला पाठवले. दुसऱ्याला नववीतून काढून आईच्या उशाशी बसवले. बाकी सगळे सारखे. आता ताडून बघ. तुझ्या गळ्यात हॉस्पिटलचे ओळखपत्र, माझ्या डोक्यावर जाळीची टोपी. तू किती पुढे गेलीस हे लोकांना कळते कसे? माझ्याकडे बघून. घरातला नियंत्रण गट मी आहे. फरक एवढाच की आपल्या वेळी चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या.

रविवारी धाकट्याचा फोन आला होता. तू संध्याकाळी त्याच्याबरोबर मैदानाला फेऱ्या मारतेस असे म्हणाला. तू त्याला पूर्ण नावाने हाक मारतेस असेही म्हणाला. "आधी कोणाला बोलावतेय तेच कळायचं नाही, आता बरं वाटतं." आम्ही त्याला धाकटाच म्हणतो. त्याचे त्याला काही वाटत असेल असे मला वाटले नव्हते. मग बोलता बोलता म्हणाला, "आमच्याकडे पाणी सकाळीच येतं." मी विचारले, आमच्याकडे म्हणजे कोणाकडे? तो मग हसला.

आणखी मोजे पाठवले आहेत. चालणे एवढे वाढले आहे तर ते लवकर फाटणार.

मधला


१९ ऑगस्ट

ताईस,

मधल्या तपासणीचे कळले. साखर उतरली, कमरेचा पट्टा दोन भोके आत गेला, मान कानांखाली उजळली. वाचून आनंद झाला. खरेच झाला. मी ते पत्र घडी घालून खिशात ठेवले होते, तर काकी म्हणाल्या, "कोणाचं रे? लाजतोयस काय?"

तू लिहितेस की हा संध्याकाळच्या फेऱ्यांचा गुण. असेल. माणूस जे स्वतः करतो त्याचाच गुण त्याला दिसतो. दुसरेही काही कारण असू शकते, एवढेच म्हणतो. चष्मेवाल्याला अखंड गर खाऊनही एवढा फरक नाही, असे धाकटा म्हणाला. ते ऐकून मला बरे वाटले, आणि दुसऱ्याच्या मुलाचे वाईट ऐकून बरे वाटले म्हणून मग बरे वाटले नाही.

पत्राच्या शेवटी तू विचारले आहेस की प्रयोग संपल्यावर त्याला तिथल्याच शाळेत घालायचे का. हेच तुझ्या त्या "बघू"मध्ये होते, हो ना? बाबा मालगाडी घेऊन परत आले तेव्हा त्यांना विचारले.

ते म्हणाले, "पोरगं सुधारतंय तर राहू दे की तिकडे."

"आणि घर?"

"घर कुठं पळून चाललंय?"

"मी काय करायचं मग, बाबा?"

"तू झोप काढ. आईच्या उशाशी, मग याच्या, मिळून किती वर्षं जागतोयस."

हे उत्तर नव्हे. मी त्याला पाचव्या वर्षापासून वाढवले आहे. आई गेली त्या दिवशी तो माझ्या शर्टाची कड धरून झोपला होता आणि सकाळी मी तो शर्ट न काढता कामाला गेलो होतो. तू दोन महिने फेऱ्या मारल्यास. तेवढ्याने मुलगा तुझा होत नाही. शाळेला माझी ना आहे.

मधला


४ सप्टेंबर

ताईस,

पत्र आज आले. दोनदा वाचले. त्याच्या पँटच्या खिशात तुला अक्रोडाचा चुरा सापडला. तू विचारलेस. तो म्हणाला की कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतो आणि जिन्याखाली उभा राहून खातो. तू ते आहारवाल्या बाईंना सांगितलेस, तुला सांगणे भागच होते, आणि त्याला प्रयोगातून काढले. नियंत्रण गटातल्या मुलाने सुकामेवा खाल्ला तर त्याचा आकडा कोणत्याच बाजूला धरता येत नाही, हे मी समजू शकतो.

तू लिहितेस, "एवढं सगळं करूनही शेवटी तोंडावर ताबा नाही म्हणजे नाही. माझ्याशी खोटं बोलत राहिला. मी दमले. शनिवारी येऊन त्याला घेऊन जा."

येतो. शनिवारी दुपारच्या गाडीने पोचेन. त्याला लपवून खायची सवय लहानपणापासून आहे, तुला मुद्दाम बोललो नव्हतो. प्रयोगच उरला नाही म्हटल्यावर त्याने तुझ्याकडे राहण्याचे कारणही उरले नाही. कपडे बांधून ठेव. औषधपाण्याचे आम्ही इथे बघू.

त्याची खाट मी आजच उन्हात टाकली.

मधला


६ सप्टेंबर

ताई,

परवाच्या पत्रात एक वाक्य खोटे आहे. लपवून खायची सवय, ते. त्याने आयुष्यात कधी लपवून खाल्लेले नाही. बिस्किटाचा पुडा फोडला तर आधी घरभर कोणाला हवे का विचारत फिरतो, म्हणून तर सगळ्यांना दिसते की तो खातो. बाकीचे गुपचूप खातात.

अक्रोड मी पाठवले. मोज्यांतून, पहिल्या पार्सलपासून. त्याने दुकानाची पायरीही चढलेली नाही.

काल त्याने चष्मेवाल्याच्या घरून मला फोन केला. तू कामावर होतीस.

"दादा, तू तिला काही बोलू नकोस हं."

मी म्हणालो, "का?"

"तुझ्यावर ती आधीचीच रागावलीये. माझ्यावरचा तिचा राग टिकत नाही. मी निस्तरतो."

"अरे, पण दुकानातून घेतलं असं कशाला सांगितलंस?"

"दुसरं काय सांगू? आणि किती सोपं गेलं माहितीये? जाड मुलानं चोरून खाल्लं म्हटलं की कोणी पुढचा प्रश्नच विचारत नाही. बाई नाही, डॉक्टर नाही. ताईपण नाही."

मग म्हणाला, "फक्त माझा आकडा गेला रे. चष्मेवाल्याच्या आकड्याशी माझा आकडा ताडून बघणार होते. आता तो कुठेच धरणार नाहीत."

मी त्याला विचारले, मग खाल्लेस कशाला, टाकून द्यायचे होतेस. तो म्हणाला, "तू तुझा वाटा पाठवत होतास ना."

तुला वाटेल, मन खाते म्हणून लिहितो आहे. मन खाते, पण कारण ते नाही. खरे कारण चांगले नाही, तरी लिहितो. मानेकडे एकदा बघून तू त्याच्या रक्तातले ओळखलेस. तोच मुलगा तुझ्यासमोर उभा राहून खोटे बोलला, तर तुला ओळखता आले नाही. मला आले, इतक्या लांबून, तुझ्या अक्षरात वाचून. आणि दुसरे म्हणजे तो माझ्यासाठी खोटे बोलला. तुझ्यासाठी नव्हे. काल दिवसभर मी पट्ट्यावर त्याच आनंदात होतो. काकींनी दोनदा विचारले, काय झाले आहे तुला. हा आनंद सांगावा असे माणूस जगात एकच होते, तू. तू जळावीस अशी माझी फार इच्छा होती. पण तुला तेवढेच सांगता येईना. ते सांगायचे तर मोजे सांगावे लागतात, चिठ्ठी सांगावी लागते, सगळेच सांगावे लागते. आज सकाळपासून सांगायची वाक्ये जुळवतो आहे आणि जुळवता जुळवता आनंद कुठे गेला ते कळले नाही.

कारण तो खोटे काय बोलला ते बघ. ज्या नावापासून तो तुझ्याकडे येऊन सुटत होता, तेच त्याने माझ्यासाठी पुन्हा स्वतःला लावून घेतले. मी बंब्याच आहे, मला ताबा नाही, असे चार मोठ्या माणसांसमोर म्हणाला. मी काकींवर त्या शब्दासाठी चिडलो होतो. मी त्याला जे पाठवतो ते तो पोटात घालतो. आधी अक्रोड पोटात घातले, मग माझा अपराध पोटात घातला. तो इथे माझ्याजवळ राहिला तर उरलेले सगळेही पोटात घालील, माझा तुझ्यावरचा रागसुद्धा, आणि माझ्याकडे बघून हसेल. आहारतज्ज्ञ बाईंकडे त्यावर उपाय नसणार.

म्हणून त्याला तू ठेव.

हॉस्पिटलला वेगळे पत्र लिहिले आहे, सोबत जोडतो. वाचून दे. त्याला प्रयोगात परत घेणार नाहीत, घेऊही नये. पण पुड्या कोणी पाठवल्या हे त्यांच्या कागदावर माझ्या नावाने लागावे, त्याच्या नावाने नको. बाई त्याला नेहमीच्या तपासणीला तरी बोलावतील का, एवढे त्यांना विचार. शाळेला माझी हरकत नाही. इथल्या शाळेतून दाखला उद्या काढतो. हे मी मोठ्या मनाने करत नाही. तू त्याच्याबरोबर मैदानात चालत असशील तेव्हा मी इथे तुमच्या पाकिटांत अखंड गर भरत असेन आणि मला तुझा हेवा वाटत असेल. आधी वाटत होता तेवढाच, कदाचित जास्त.

शनिवारी येतो, पण त्याला न्यायला नाही. त्याची सायकल गाडीच्या टपावर टाकून आणतो आहे. मागच्या चाकातली हवा जाते, तेवढे बघून घ्यावे लागेल. त्याला तू आधी काही सांगू नकोस. आल्या आल्या मी त्याच्यासमोर म्हणेन की सायकल सोडायला आलो आहे. ते आधी म्हटले नाही तर तो माझ्या तोंडाकडे बघून घरी येतो म्हणेल. मी म्हणून झाले की मग तू त्याला विचार, इथे राहशील का. त्याच्या पूर्ण नावाने विचार.

तो हो म्हणाला की तू लगेच माझ्याकडे बघू नकोस. जरा वेळ सायकलकडे बघ.

मधला